दम मोजणाऱ्या नळीवरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी, वीतभर लांबीची, पांढऱ्या प्लॅस्टिकची नळी आहे आणि मी बिघडलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी ज्या घरात राहते तिथे माझी ओळख 'ती बिघडलेली नळी' अशीच करून देतात. दवाखान्यात मला पीक फ्लो मीटर म्हणतात. एका टोकाला तोंड लावून जोराने फुंकलं की माझ्या पाठीवरचा लाल काटा पुढे सरकतो आणि तुमच्या छातीतून वारा किती जोराने बाहेर पडतो ते दाखवतो. दमा असलेल्या मुलाच्या छातीतल्या वाटा अरुंद होऊ लागल्या की आकडा खाली येतो. कधी कधी तर दम लागायच्या एक-दोन दिवस आधीच येतो. एवढंच माझं काम. मला औषध देता येत नाही, पाठीवरून हात फिरवता येत नाही. खरं तेवढं सांगता येतं, आणि नेमकं त्यातच माझं नाव खराब झालं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. तिथे चार बायका ओळीने बसायच्या. पहिली स्प्रिंग घालायची, दुसरी काटा बसवायची, तिसरी आकड्यांची पट्टी चिकटवायची. चौथी सगळ्यांत वयस्कर. ती आम्हा प्रत्येकीत यंत्राने हवा सोडून बघायची आणि आकडा जरा इकडचा तिकडे झाला की ती नळी थेट टोपलीत. माझ्या आधीच्या दोघी टोपलीत गेल्या. माझा काटा बरोबर तीनशेवर थांबला तेव्हा ती नुसतं "हं" म्हणाली आणि मला डब्यात ठेवलं. त्या एका "हं"वर मी पुढे कितीतरी दिवस ताठ मानेने जगले.

डब्यातून मी एका दवाखान्यात आले आणि तिथून आरोग्यसेविकेच्या पिशवीत. तिला सगळे ताई म्हणत. तिच्याकडे बसडेपोच्या मागची वस्ती होती. इमारती जुन्या, एकमेकींना खेटून उभ्या. सकाळी डेपोतल्या गाड्या सुरू करून ठेवतात, त्यांचा धूर गल्लीत शिरला की बाहेर पडायचं नाव घेत नाही. खिडकी उघडावी तर धूर, बंद करावी तर भिंतीच्या ओलीचा वास. तिथल्या शाळेत एकेका वर्गात पाच-सहा मुलांच्या दप्तरात दम्याचं औषध ओढायचा पंप असायचा. ताई दिवसभर जिने चढायची आणि प्रत्येक घरात तेच सांगायची, "मूल बरं दिसतंय म्हणून औषध सोडायचं नाही. बरं दिसतंय ते औषधामुळेच."

असाच एक जिना चढून तिसऱ्या मजल्यावर मी तिच्या घरी आले. ती म्हणजे शिट्टी. खरं नाव शाळेच्या पटावर. घरात शिट्टीच, कारण श्वास घेताना तिच्या छातीतून बारीक शीळ वाजायची. हे नाव आजोबांनी ठेवलेलं. नऊ वर्षांची, काटकुळी, बडबडी. आई डेपोत बसगाड्या धुवायला पहाटे जायची आणि दुपार उलटल्यावर परत यायची. बाबा लांब कुठल्याशा खाणीत कामाला होते, वर्षातून एकदा यायचे. त्यामुळे घरात दिवसभर आजोबांचंच राज्य. हे आजोबा म्हणजे आईचे वडील. आई त्यांना अप्पा म्हणायची.

अप्पा घड्याळजी होते. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती आणि अजूनही खिडकीजवळच्या टेबलाच्या खणात त्यांची हत्यारं आणि चार-पाच बंद पडलेली घड्याळं होती. ताईने मला टेबलावर ठेवलं तसं त्यांनी डोळ्यात भिंग बसवलं, मला उजेडात धरलं आणि हळूहळू फिरवून पाहिलं.

"अगं, ही स्प्रिंग बघ कशी बसवलीये!" ते आईला म्हणाले. "हे काही घाईत उरकलेलं काम नाही. चोख आहे एकदम."

मला तेव्हा काय वाटलं म्हणून सांगू! आपलं काम जाणणारं माणूस एवढ्या मोठ्या शहरात भेटावं, यापरतं भाग्य नाही. घरातल्या यंत्रांबाबत अप्पांचा शब्द शेवटचा, हे मला लगेच समजलं. मिक्सर असो की पंखा, अप्पा म्हणाले चालेल तर तो चालणार आणि अप्पा म्हणाले गेला तर तो गेला.

ताईने सगळं समजावून सांगितलं. तपकिरी पंप रोज सकाळ-संध्याकाळ दोनदा ओढायचा, दम लागो न लागो. निळा पंप फक्त दम लागला की. सकाळी उभं राहून माझ्यात तीनदा फुंकायचं आणि सगळ्यांत मोठा आकडा दारामागच्या तक्त्यावर लिहायचा. दोनशे दहाच्या वर हिरवा, त्याखाली पिवळा, एकशे तीसच्या खाली लाल. लाल आला तर निळा पंप घेऊन तडक दवाखाना गाठायचा. सकाळी आई घरात नसायची, म्हणून तक्ता लिहायचं काम अप्पांकडे आलं.

मग ताईने विचारलं, "घरात सिगारेट कोण ओढतं?"

अप्पांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. शिट्टी खुदकन हसली. ताई हसली नाही. ती म्हणाली, या मुलीच्या छातीला डेपोचा धूर टाळता येत नाही, घरातला तरी टाळू या. अप्पांनी खिशातलं पाकीट काढलं आणि सगळ्यांच्या देखत केराच्या डब्यात टाकलं.

"अप्पा, हे शेवटचं हं," आई म्हणाली. "परत ओढलीत तर तुमचं चंबूगबाळं आवरून दादाकडे पोचवीन. मी गंमत करत नाहीये."

दादा म्हणजे शिट्टीचा मामा. त्याचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर. आईने ते रागात म्हटलं की मनापासून, मला माहीत नाही. पण शिट्टीचं हसू जागच्या जागी विरलं, ते मी पाहिलं. शाळेतून आल्यावर दार उघडणारं, गोष्ट सांगणारं, वेणी घालून देणारं माणूस तिला एकच होतं.

पुढचे चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले. आईने गादीला खोळ घातली, केर काढायच्या झाडूऐवजी ओलं फडकं आलं. शिट्टी सकाळी माझ्यात फुंकायची आणि आजोबांच्या हातात मला देऊन श्वास रोखून उभी राहायची. आधी एकशे सत्तर. मग दोनशे. मग दोनशे वीस. एका सकाळी काटा दोनशे साठवर गेला तेव्हा अप्पांनी तिला उचलून घरभर फिरवलं आणि मला शर्टाच्या बाहीने पुसून खिडकीजवळच्या खिळ्यावर लटकवलं. ती माझी कायमची जागा झाली. शिट्टी न थांबता तीन मजले चढायला लागली. शाळेत पळायच्या शर्यतीत शेवटून दुसरी आली, तर घरात जणू पहिलीच आल्यासारखा आनंद.

त्या खिळ्यावरून मला सगळी खोली दिसायची. न दिसती तर बरं झालं असतं.

पाचव्या महिन्यात एक दिवस आई कामावर आणि शिट्टी शाळेत असताना अप्पांनी घड्याळाच्या एका मोकळ्या डबीतून सिगारेट काढली. लबाडीने नाही, मित्रांनो, फार काळजीपूर्वक. खिडकी पूर्ण उघडली, अर्धं अंग बाहेर काढलं, धूर गल्लीत सोडला. मग वर्तमानपत्राने वारा घातला, चूळ भरली, पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली. खिडकीच्या बाहेर ओढली म्हणजे घरात ओढली नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. सेकंदाच्या काट्यातला फरक ओळखणारा तो माणूस, पण धूर वाऱ्याबरोबर परत आत येतो, पडद्यात बसतो, गादीत बसतो आणि सगळ्यांत जास्त त्यांच्याच राखाडी स्वेटरमध्ये बसतो, हे त्याने बघायचंच नाही असं ठरवलं होतं. दुपारी शिट्टी घरी यायची आणि त्याच स्वेटरात डोकं खुपसून गोष्ट ऐकत झोपायची.

पहिल्या दिवशी एक, आठवड्याने दोन, मग चार. माझा आकडा उतरायला लागला. दोनशे चाळीस. दोनशे वीस. आणि मग एके सकाळी एकशे पंच्याण्णव.

"पिवळा," शिट्टी म्हणाली.

"हो," अप्पा म्हणाले आणि लिहिलं. दुसऱ्या दिवशीही पिवळा, तोही लिहिला.

"आजोबा, पिवळा आला की ताई काय करते?"

"विचारते, घरात काही बदललं का."

"मग आपण काय सांगायचं?"

अप्पा पेन्सिलीला टोक काढू लागले. शिट्टीने त्यांच्या स्वेटरकडे पाहिलं. मुलांना वास येत नाही असं मोठ्यांना का वाटतं, देव जाणे.

तिच्या वर्गात पेनाच्या रिकाम्या नळीतून कागदाचे बोळे उडवायचा खेळ चालायचा. त्यात फुंकायचं नसतं; जीभ मागून दाबायची आणि थुंकल्यासारखा एकदम फटका मारायचा. तिसऱ्या सकाळी तिने माझ्याशी तेच केलं. छातीतला वारा नाही, नुसता तोंडातला. माझा काटा उडाला तो दोनशे सत्तरवर. मी काय करणार? माझ्यात वारा कुठून आला ते मला विचारता येत नाही. जो फटका बसला तो मी दाखवला.

अप्पांनी आकडा पाहिला. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या ओठावर थुंकीचा थेंब होता.

"परत फुंक बरं," ते म्हणाले.

ती परत तशीच थुंकली. दोनशे ऐंशी.

चार महिने रोज तिचं फुंकणं बघितलेल्या माणसाला फरक कळला नसेल? कळला. मी त्यांच्या हातातच होते, त्यांनी अंगठ्याने माझ्या तोंडावरची थुंकी पुसली. पोरगी हे कुणासाठी करते आहे, तेही कळलं. मला वाटलं, आता ते तिला जवळ घेतील आणि म्हणतील, बाळा, चुकलं माझं. त्यांनी पेन्सिल उचलली, तक्त्यावर दोनशे ऐंशी लिहिलं आणि म्हणाले, "हिरवा."

त्या दिवसापासून दारामागे सगळं हिरवंगार. ताई आली, तक्ता पाहून खूश झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी इतके दिवस सगळं ठीक आहे म्हणून तपकिरी पंप दोनाचा एकावर आणला. आईने तर शेजारणीला बोलावून तक्ता दाखवला. मी खिळ्यावर लटकून ऐकत होते. मला तोंड आहे, पण ते दुसऱ्याने फुंकायला.

शिट्टी आता दुसऱ्या मजल्यावर थांबायची, चपलेचा बंद नीट करायचं निमित्त काढून. खेळायला बोलावलं तर "अभ्यास आहे" म्हणायची. ही शिट्टी, जिला अभ्यासाचं नाव काढलं की पोटात दुखायचं! निळा पंप ती मोरीत जाऊन गुपचूप ओढायची.

"एवढ्यात कसा हलका झाला हा?" आईने एकदा विचारलं.

"खेळत बसते, उगाच दाबत राहते," अप्पा म्हणाले.

आई शिट्टीला रागावली. शिट्टीने मान खाली घालून ऐकून घेतलं.

आणि मग तो दिवस आला. शाळा लवकर सुटली होती. अप्पा खिडकीत होते, अर्धे बाहेर. दार ढकललं गेलं आणि शिट्टी चौकटीला धरून उभी राहिली. तिच्या छातीतून शीळसुद्धा येत नव्हती. खांदे वर-खाली होत होते, गळ्यापाशी खड्डा पडत होता आणि ओठ निळसर झाले होते. तिला "आजोबा" म्हणता येईना.

अप्पांनी सिगारेट फेकली आणि धावत येऊन पहिल्यांदा काय हातात घेतलं असेल? निळा पंप नाही. मला. खिळ्यावरून ओढून काढलं आणि तिच्या तोंडाला लावलं. "फुंक बाळा, फुंक, काही नाही झालेलं, फुंक!" इतके दिवस मी त्यांना हिरवं दाखवलं होतं, आताही दाखवीन अशी त्यांना आशा होती. तिच्यात थुंकायचंही बळ नव्हतं. काटा नव्वदवर गेला आणि थांबला. लाल.

मग पंप. तो रिकामा होता, नुसता फस्स वाजला. अप्पांनी जिन्यात जाऊन हाका मारल्या. खालचा इस्त्रीवाला दोन-दोन पायऱ्या उड्या मारत वर आला, तिला खांद्यावर टाकलं आणि पळाला. त्यामागे अप्पा, एका पायात चप्पल. मी जमिनीवर पडून होते, लाल काटा नव्वदवर तसाच.

शिट्टी वाचली. तीन दिवस दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी तक्ता आणि नळी घेऊन यायला सांगितलं, म्हणून आई मला पिशवीत घालून घेऊन गेली. शिट्टी नाकाला प्राणवायूची नळी लावून पडली होती. खाटेभोवती डॉक्टरबाई, ताई, आई आणि पायथ्याशी अप्पा.

"काल सकाळी दोनशे सत्तर, आणि दुपारी ही अवस्था?" डॉक्टरबाई तक्ता बघत म्हणाल्या. "हे कसं शक्य आहे? या आकड्यांवर मी औषध कमी केलं."

शिट्टी आजोबांकडे बघत होती. अप्पांनी मला उचललं. खिशातून भिंग काढून डोळ्यात बसवलं. मला तिथल्या खिडकीच्या उजेडात धरलं, पहिल्या दिवशी धरलं होतं तसंच. माझ्या मनात आलं, आता तरी. आता हा माणूस खरं सांगेल, कारण भिंग लावून तो आजवर खोटं बोललेला नाही.

"यंत्रच बिघडलंय," अप्पा म्हणाले. "स्प्रिंग ढिली पडलीये. चाळीस वर्षं हेच काम केलंय मी, मला कळतं."

आईने लगेच मान डोलावली. अप्पा म्हणाले गेलं, तर ते गेलंच. "मेलीने घात केला आमचा," आई मला म्हणाली आणि रडायला लागली. ताईने मला एकदा निरखून पाहिलं, पण ती म्हाताऱ्या माणसाला काही बोलली नाही. नवी नळी देते म्हणाली. शिट्टीने माझ्याकडे पाहिलं, मित्रांनो, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचा मला राग नाही. तिने नऊच वर्षं पाहिली होती. पण माझी पारख करून, मला चोख म्हणून, सगळ्यांच्या देखत मला खोटी ठरवणाऱ्याचा राग मला आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

घरी आल्यावर माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली, बंद घड्याळांच्या शेजारी. खण पुरता बसत नाही, बोटभर फट राहते. तेवढ्यातून ऐकू येतं.

नव्या नळीत शिट्टी खरं फुंकत होती. आता आई सुट्टी घेऊन समोर उभी असायची. आकडा दोनशेच्या वर जाईना. चौथ्या दिवशी दुपारी अप्पा म्हणाले, "ये गं शिट्टे, गोष्ट सांगतो."

ती आली नाही.

"काय झालं?" आईने विचारलं.

"मला नको," शिट्टी म्हणाली. "आजोबांच्या स्वेटरला सिगारेटचा वास येतो. मला दम लागतो."

मग आईची पावलं. ती पडद्यापाशी गेली, गादीपाशी गेली, मग अप्पांपाशी. पुढचं बोलणं फार थोडं झालं.

"कधीपासून, अप्पा?"

"बाहेरच ओढत होतो गं. खिडकीच्या बाहेर."

"माझी पोरगी जात होती," आई म्हणाली.

आठवड्याने मामा न्यायला आला. निघायच्या सकाळी शिट्टी शाळेत होती. अप्पांनी हत्यारं गोळा करायला खण उघडला. मला पाहून थबकले. मागे वळून आई नाही ना ते पाहिलं, दार लोटलं, मला उचललं आणि त्यांनी स्वतः फुंकलं. पूर्ण ताकदीने. काटा एकशे चाळीसवर थांबला. त्यांच्या छातीत तेवढाच जोर उरला होता. काटा बोटाने परत खाली आणून ते अगदी हळू म्हणाले, "चोख आहेस." आणि मला परत खणात ठेवून दिलं. आळ भरल्या खोलीत घेतला होता, आणि हे मात्र एकट्याने, दार लोटून.

आता त्या घरात सिगारेट नाही. तपकिरी पंप परत दोनदा आहे. शिट्टीचा आकडा दोनशे पन्नासच्या आसपास असतो, खरा. जिना ती न थांबता चढते, हे मी तिच्या पावलांवरून ओळखते. पण शाळेतून आल्यावर दार तिचं तिलाच उघडावं लागतं, आणि घरात पूर्वीसारखी बडबड ऐकू येत नाही. थुंकायची गोष्ट तिने अजून कुणाला सांगितलेली नाही. आई अजूनही आल्यागेल्याला सांगते, "त्या बिघडलेल्या नळीपायी पोरगी हातची जायची."

मित्रांनो, पिवळा आला तर पिवळाच सांगा. खरं सांगितल्याने कुणाला घर सोडावं लागेल, ही काळजी लहान मुलांनी करायची नसते. ती मोठ्यांची, आणि मोठ्यांनीच ती करायला हवी होती. माझं म्हणाल तर माझ्यावरचा आळ राहू दे, खणात मला काही कमी नाही. पण काल आई कामावर असताना शिट्टी या टेबलाशी येऊन बसली होती. फटीतून मला तिचा आवाज ऐकू आला. ती आजोबांच्या रिकाम्या खुर्चीला म्हणत होती, "मी नसतं सांगितलं तर तुम्ही इथेच असता ना?" तुमच्यापैकी कुणी त्या तिसऱ्या मजल्यावर गेलात, तर तिला एवढंच सांगा की चूक तिची नव्हती. ते तिला अजून कुणीच सांगितलेलं नाही.